एसटी थांबवणारा आवाज

माझे घरमालक घरापुढच्या खळ्यात उभे राहून एसटी थांबवत. हात दाखवून नव्हे, नुसत्या आवाजाने. घर रस्त्यापासून चांगलं आत होतं, मधे माड आणि काजूची झाडं. पण कुडाळकडे जाणारी सकाळची गाडी वळणावर दिसली की ते खळ्याच्या कडेला येत आणि एकच हाक टाकत, "रव रेऽऽ". गाडी थांबायची. मग मागे वळून ते मला सांगत की चहा सावकाश पी, तो थांबलेला आहे. मी तोंड भाजत चहा संपवून धावत सुटायची आणि गाडीतली माणसं घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायची.

मी मूळची कराडची. कुडाळच्या एका खासगी दवाखान्यात मला नोकरी लागली होती. कान तपासायचे, ज्यांचं बोलणं आजाराने बिघडलंय त्यांना व्यायाम द्यायचे आणि आवाज संगणकावर घेऊन तो कुठे अडखळतो ते शोधायचं, हे माझं काम. राहायला जागा मिळाली ती मालवण रस्त्यावरच्या एका गावात, ह्या गृहस्थांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत. ते जाऊन आता काही काळ झाला. खोली अजून माझ्याकडेच आहे.

गावात त्यांना सगळे गावकार म्हणत, कारण देवळातला पहिला मान त्यांच्या घराण्याचा. जत्रेच्या सकाळी देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने, हातात नारळ धरून, देवाला खणखणीत आवाजात सांगितलेलं मागणं. एकेक मागणं झालं की जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्याकडे देवाशी असं उभ्या उभ्या बोलत नाहीत. आम्ही हात जोडतो आणि मनात काय ते पुटपुटतो. हे मी एकदा सांगितलं तेव्हा त्यांना माझी कीव आली. "मनातल्या मनात सांगलेला देवाक कसा कळतला? तो काय तुझ्या पोटात बसलो हा?"

गाऱ्हाण्याची त्यांना इतकी सवय की देऊळ नसलं तरी चाले. विहिरीवरचा पंप सुरू झाला नाही, गाऱ्हाणं. लाइट गेली, गाऱ्हाणं. काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, दातदुखी थांबेना, तेव्हाही त्यांनी तुळशीपुढे उभं राहून दाढेचं नाव घेऊन मागणं घातलं, आणि त्या वेळी जो कोणी खळ्यात असेल त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं ही सक्ती. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूसही त्यातून सुटला नव्हता. मी पुढे स्कूटर घेतली तेव्हा तिच्यासाठी केवढं लांबलचक मागणं झालं, आणि मी एकटीच समोर असल्यामुळे सगळ्या गावाच्या वाटचं "व्हय म्हाराजा" मलाच म्हणावं लागलं. मनापासून म्हटलं नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

एका गोष्टीवर मात्र ते कडवट होत, आणि ती म्हणजे लाउडस्पीकर. त्यांच्या सख्ख्या पुतण्याचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. काका-पुतण्याचं एरवी छान जमे, पण देवळात गाऱ्हाण्यापुढे माइक ठेवायचं नाव काढलं की गावकार ताडकन उठत. देव बहिरा नाही आणि माझा गावही बहिरा नाही, असं म्हणून ते विषय संपवत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागे हा मान पुतण्याकडेच जाणार होता.

स्कूटर मी हौसेने घेतली नव्हती. पाऊस सरल्यावरच्या एका सकाळी गाडी वळणावर आली, गावकारांनी हाक टाकली, आणि गाडी निघून गेली. नवीन ड्रायव्हर असेल, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी जुनाच ड्रायव्हर होता, तोही थांबला नाही. गावकारांनी त्याच्या कानांचा उद्धार केला. मी कपबशी हातात धरून उभी होते आणि मी ती हाक ऐकली होती. ती काजूपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. माझ्या धंद्याने मला ही एक वाईट खोड लावलीय. माणूस काय बोलतो त्याआधी तो कसा बोलतो तिकडे माझा कान जातो. त्या हाकेत दम नव्हता, चढउतार नव्हता, आणि ज्याने ती घातली त्याला ते कळलेलं नव्हतं. चालताना त्यांचा डावा हात हलेनासा झालाय, हे मी आधीच पाहिलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. मी आठवड्याच्या आत स्कूटर आणली, म्हणजे त्यांना माझ्यासाठी हाक घालावी लागू नये.

पण हाका घालायच्या थोड्याच थांबतात. त्यानंतरच्या वर्षभरात हळूहळू त्यांच्या लेखी गाव बहिरं होत चाललं. आधी ड्रायव्हर, मग पुतण्या, मग रेशन दुकानदार, आणि शेवटी काकी. काकी दोनदोनदा "काय म्हणालात" विचारू लागल्या तशी घरात कुरबुर वाढली. पडवीतून मला सगळं ऐकू यायचं, म्हणजे काकींचं ऐकू यायचं. त्यांचं नाही.

एक दिवस गावकार काकींना घेऊन माझ्या दवाखान्यात हजर. म्हणाले, "हिका कायच ऐकाक येणा नाय. मशीन लावून बघ जरा." काकी नवं लुगडं नेसून, गुन्हेगारासारख्या खाली मान घालून बसल्या होत्या. मी त्यांचे कान तपासले. वयाच्या मानाने उत्तम होते. मी निकाल सांगितला तेव्हा काकींनी पहिल्यांदा मान वर केली आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "कान माझे बरे आसत. आता ह्येंचा बघ."

मी त्यांचे कानही तपासले, मग सहज सुचल्यासारखं करून त्यांना माइकसमोर बसवलं आणि श्वास पुरेल तोवर "आ" धरायला सांगितलं.  पडद्यावर रेघ उमटली, जरा वेळ धड चालली, मग दातेरी होत होत खाली उतरली आणि विझली. श्वास उरला होता, आवाज उरला नव्हता. मग एक परिच्छेद वाचायला दिला. त्याची रेघ सपाट. प्रश्न आणि उत्तर एकाच उंचीवर. काकी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि मी पडद्याकडे.

गोव्याहून येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला त्यांना चालवून, हात फिरवून पाहिलं आणि पार्किन्सन असल्याचं सांगितलं. गावकारांनी ते शांतपणे घेतलं. हाताला कंप आहे, गोळी घेतो, म्हणाले. पण ह्याच आजाराने आवाज गेलाय, आणि त्याचा व्यायाम रोज करावा लागेल, हे मी सांगितल्यावर त्यांचा पारा चढला. मी समजावून थकले की ह्या आजारात आवाज तर बसतोच, पण तो मोजणारं आपल्या आतलं मापही बिघडतं. पुटपुटलं तरी आपण नीट बोललो असं वाटतं. "माझो आवाज माका कळणा नाय आणि तुझ्या पेटाऱ्याक कळता?" त्यांनी विचारलं. आणि वर म्हणाले, "गेल्या जत्रेक सगळो गाव 'व्हय म्हाराजा' म्हणालो. तो काय न ऐकताच म्हणालो?"

जत्रा जवळ येऊ लागली. पुतण्या मला दवाखान्यात येऊन भेटला. गेल्या वर्षीच मागच्या रांगांना काही ऐकू आलं नव्हतं, पोरं हसत होती, आणि ह्या वर्षी असंच झालं तर मान दुसऱ्याकडे द्यायचं मानकऱ्यांत चाललंय, असं तो म्हणाला. दुसऱ्याकडे म्हणजे त्याच्याचकडे. "माका तो नको आसा," तो म्हणाला. "माका चार माणसांत उभ्यान बोलाक येणा नाय, म्हणान तर भोंग्याचो धंदो केलंय." त्याने खिशातून नखाएवढा माइक काढला. गावकारांच्या उपरण्याला तो आतून टाचायचा, त्यांना न सांगता, आणि हे काम मी करावं असं त्याला वाटत होतं.

मी नाही म्हटलं. पण माझं डोकं तापट आहे आणि ओझं घेऊन गप्प बसणं मला जमत नाही. त्याच संध्याकाळी पडवीत गावकारांनी पुन्हा काकींच्या कानांवरून सुरुवात केली आणि मी फटकन बोलून गेले. म्हटलं, लोक तुमचं ऐकून व्हय म्हणत नाहीत, तुमच्या हातातला नारळ वर गेला की व्हय म्हणतात.

काकी आत निघून गेल्या. गावकार उठून उभे राहिले. मग म्हणाले, "जत्रा झाली की खोली खाली कर."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी स्कूटर खळ्यातून बाहेर काढताना गावकार पाठ फिरवून उभे राहत. काकी चहा आणून ठेवत आणि लगेच आत जात. एकदा मात्र म्हणाल्या की मी सांगितलं ते बरं केलं, त्यांच्याने झालं नसतं. मी कुडाळात दुसरी खोली बघायला सुरुवात केली होती.

जत्रेच्या सकाळी दारावर थाप पडली. गावकार पांढरं धोतर, उपरणं, कपाळाला गंध अशा थाटात उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन घे. माझ्या बाजूक रव."

मशीन म्हणजे माझा फोन. मी तो घेऊन सभामंडपात त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. जिथे मानकरी उभे राहतात तिथे ही घाटावरची बाई काय करतेय, असं सगळे बघत होते. मंडप गच्च भरलेला. बायकांच्या बाजूला काकी हात जोडून उभ्या होत्या, पार मागे चपलांच्या ढिगापाशी पुतण्या. नारळ वर गेला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. हा तुझा गाव, ही तुझी लेकरं, ती आज तुझ्या पायाशी जमलीत. व्हय म्हाराजा. कोणी वाट चुकला असेल त्याला वाटेवर आण. व्हय म्हाराजा. मला त्यांच्या कोपराशी उभं राहून जेमतेम ऐकू येत होतं, आणि उत्तर मात्र दरवेळी कौलं हलतील असं येत होतं. दर उत्तराबरोबर त्यांची मान जरा ताठ होत होती. मला वाटलं, संपलं, आता ह्यांना कोणी पटवू शकणार नाही.

मग ते थांबले. तोंडावरची रेषही न हलवता, त्याच सुरात, तोच नारळ तसाच वर धरून ते म्हणाले, "आणि हो माझो आवाज कोणाच्या कानार पडणा नसात, तर तो आज हयसरच काढून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सारं गाव म्हणालं.

मी काकींकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ नुकतेच मिटत होते. त्याही म्हणाल्या होत्या.

गावकारांनी गाऱ्हाणं पुरं केलं, नारळ फोडला, आणि देवळामागच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. त्यांनी हातानेच फोनवर टिपलेलं गाऱ्हाणं लावायला सांगितलं. गोधडीखालून कोणी बोलावं तसा तो आवाज, आणि मग ते उत्तर, त्यात काकींचाही आवाज. त्यांनी ते पुन्हा लावायला लावलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा दगडासारखा, कारण त्या आजारात चेहराही आपलं ऐकेनासा होतो. "तिना पण म्हटल्यान," ते म्हणाले. 

मला वाटलं होतं की त्यांना फक्त दुःख झालंय. तसं नव्हतं, ते घाबरले होते. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधायला काढलं तेव्हा ते खोलीच्या दारात येऊन बसले आणि त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या हिशेबाने आवाज काढून घ्यायचं ते मागणं आता पक्कं झालं होतं. देवापुढे मागितलं होतं आणि गावाने व्हय म्हटलं होतं. गावाने ऐकून म्हटलं की न ऐकता, हे देव विचारत बसत नाही. ते मोडायचं तर त्याच जागी, पुढच्या जत्रेत, गावासमोर मागे घ्यायला हवं. आणि ह्या वेळी गावाने ते ऐकायला हवं, नाहीतर मागे घेणंही खरं नाही. वर्षभराची मुदत होती. मी म्हणू शकले असते की देव असा कोर्टासारखा चालत नाही. पण त्यांच्या गावातला देव तसाच चालत होता.

"शिकव," ते म्हणाले. मी पिशवीतले कपडे परत खुंटीवर लावले.

हे शिकवणं सोपं नसतं. ज्याला आपण ओरडतोय असं वाटतं तो खरं म्हणजे नुसता नीट बोलत असतो, आणि त्याला रोज सांगावं लागतं की अजून ओरडा. गावकारांना त्याची लाज वाटे. "मी आरडतंय असा वाटता माका," ते म्हणत, आणि मी म्हणे, आरडा. रोज सकाळी खळ्यात लांब "आ", मग त्यांच्या रोजच्या बोलण्यातली वाक्यं, काकींना हाक, कुत्र्याला हाक, शेवटी वळणावरच्या एसटीला हाक. एसटी कित्येक महिने थांबली नाही. आठवड्यातून एकदा दवाखान्यात आवाज घ्यायचा आणि रेघ बघायची. रेघ वर गेली की ते काकींना फोन करून सांगत, आणि मोठ्या आवाजाच्या जुन्या सवयीने फोन हातभर लांब धरत. गोळीचा अंमल उतरला की मात्र सगळं पुन्हा खाली येई. पावसाळ्यात त्यांना खोकला धरला आणि रेघ पहिल्या दिवसापेक्षाही वाईट आली. त्या दिवशी त्यांनी काकींना फोन केला नाही. मीही मनात तेच म्हणत होते जे ते म्हणत असतील, की देवाने ऐकलं होतं बहुतेक.

गणपतीनंतर एका सकाळी एसटी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं की कोण यायचंय. कोणीच जायचं नव्हतं. काकींनी धावत जाऊन त्याला पेढा दिला.

जत्रा आली. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ गाऱ्हाण्याच्या बेताने लावली होती, म्हणजे ऐन वेळी अंगात पुरतं बळ असावं. पण देवळात मानकऱ्यांचा वाद निघाला. पालखीला पहिला खांदा कोणाचा ह्यावरून दोन घराणी अडून बसली, आणि जत्रेला असं काही निघाल्याशिवाय जत्रा झाल्यासारखी वाटत नाही म्हणून कोणाला घाई नव्हती. घाई फक्त आम्हा तिघांना होती. मी गावकारांच्या डाव्या हाताकडे बघत होते. आधी अंगठा हलू लागला, मग पंजा. पुढची गोळी काकींच्या कनवटीला होती, ती दिली, पण तिला चढायला वेळ हवा. वाद मिटला तेव्हा गोळी चढलेली नव्हती. गावकार नारळ घेऊन उभे राहिले.

पहिलं वाक्य त्यांनी म्हटलं ते मला ओळखीचं होतं. गोधडीखालचं. गावाने सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. दुसरं वाक्य त्याहून लहान. व्हय म्हाराजा.  मला ओरडून सांगायचं होतं आणि मला तिथे ओरडायचा हक्क नव्हता.

"ऐकाक येणा नाय."

त्या काकी होत्या. गाऱ्हाणं चालू असताना बायकांच्या बाजूने असं कोणी बोललेलं त्या देवळाने ऐकलं नसेल. माना वळल्या, कुणीतरी शुक् केलं. काकी हलल्या नाहीत. "माका ऐकाक येणा नाय," त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि कान माझे बरे आसत."

गावकारांनी काकींकडे बघितलं. मग नारळ खाली घेतला, पोटाशी धरला, आणि रोज खळ्यात घेत तसा खोल श्वास घेतला. नारळ त्यांनी परत वर नेलाच नाही. "गेल्या वर्सा ह्याच जाग्यार उभो रवान मी एक मागणा घातलंय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खांबांवरून गेला. "ता तेव्हा कोणी ऐकाक नाय. ता मी आज मागे घेतंय, म्हाराजा."

मंडपात चिडीचूप झालं. कोणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला कुठल्या शांततेचा एवढा आनंद झालेला नाही. मग पार मागून, चपलांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या पुतण्याने, ज्याला चार माणसांत बोलता येत नव्हतं त्याने, विचारलं, "खंयचा मागणा, काकानू?"

 गावकार माझ्याकडे वळले. चेहरा तसाच होता, त्यावर हसू उमटणं आता शक्य नव्हतं.

"सगळ्यांनी ऐकल्यानी गो," ते मला म्हणाले. पण इतक्या महिन्यांची सवय, बोलले ते ओरडूनच. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, आणि अखेर एक समजण्यासारखं वाक्य कानावर पडलं म्हणून सारं गाव एका सुरात म्हणालं, "व्हय म्हाराजा."